चार रुपये महिन्याचा गोलंदाज



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर चार शब्द बोलावेत. ज्याची तीस वर्षे गेटसभा घेण्यात आणि लेबर कमिशनरच्या कचेरीबाहेरच्या बाकावर गेली, त्याने दुसरे काय बोलायचे? परंतु आम्ही विषय कळविला तो क्रिकेटमधल्या एका गोलंदाजाचा. चालक जरा बिचकले. एकाने भीतभीतच विचारले, "भाऊ, हा विषय तुमचा कसा?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे हे व्याख्यान होय.

आमचे शिक्षण शाळेच्या फळ्यावर फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मोऱ्याच्या लाँचमध्ये. त्यामुळे आमच्या विद्वत्तेबद्दल कोणी फार आशा बाळगू नये. मात्र मजुरी म्हणजे काय, ती कोण ठरवितो, आणि घाम एकाचा व नाव दुसऱ्याचे हा हिशेब कसा जमतो, एवढे आम्हांला अनुभवाने कळते. तेवढ्याच शिदोरीवर आम्ही हा इतिहास वाचला आहे.

प्रथम एक शब्द ध्यानात घ्या : 'बदली'. आपल्यापैकी ज्यांचे वडील-आजोबा मुंबईच्या गिरणीत होते त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. आमचे वडील बदली कामगार होते. पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दारात जाऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, तर त्याच्या जागी आत घेतले जायचे. कोणी गैरहजर नसला तर रिकाम्या हाताने परत. मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने १९३५ साली बदली कामगारांना नोंदणीची शिस्त लावली खरी. पण शिस्त लागली म्हणून दारातले उभे राहणे काही संपले नाही. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला तेव्हा कायम आणि बदली दोघेही एकाच दारातून बाहेर आले, आणि पुष्कळांना परत आत जाता आलेच नाही. आमचे वडील त्यांतलेच.

आता तुम्हांला नवल वाटेल, पण या बदलीचे एक भावंड आम्हांला सातासमुद्रापलीकडे सापडले. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या क्रिकेटचा तो दूरचा नातलग. त्यात नऊ डाव असतात. चेंडू फेकणारा मुख्य गडी थकला किंवा मार खाऊ लागला की त्याला काढून दुसरा आणतात. हा दुसरा तोवर मैदानाच्या कडेला कुंपणापाशी हात गरम करीत बसलेला असतो. बोलावले तर उठायचे, नाही तर सामना संपेपर्यंत बसायचे. पुष्कळ वर्षे या माणसाला फारशी किंमत नव्हती. जो मुख्य म्हणून टिकला नाही तो बदलीत ढकलला, अशी समजूत होती. त्याच्या कामाची मोजदाददेखील नीट होत नसे. हातातला विजय शेवटपर्यंत राखून देणे ही कामगिरी अधिकृत आकड्यांत आली ती १९६९ साली. आणि मुख्यतः बदली म्हणून खेळलेल्या माणसाला, हॉइट विल्हेल्म याला, त्यांच्या मानाच्या सभागृहात जागा मिळाली ती १९८५ साली.

पुढे मारिआनो रिव्हेरा नावाचा गडी आला. पनामा देशातल्या प्वेर्तो कायमितो या कोळीवाड्यातला हा मुलगा. बाप मासेमारीच्या बोटीवर. लहानपणी दुधाच्या पुठ्ठ्याचे हातमोजे करून खेळणारा, आणि वयात आल्यावर बापाच्याच बोटीवर काम करणारा. आमच्या करंज्याच्या आणि मोऱ्याच्या पोरांनी हे ऐकून ठेवावे. या माणसाने ६५२ वेळा आपल्या संघाचा विजय राखला. २०१३ साली तो निवृत्त झाला, आणि २०१९ साली त्या मानाच्या सभागृहात जाताना मत देणाऱ्यांपैकी एकानेही त्याच्या विरुद्ध मत दिले नाही. असा एकमताचा मान त्याच्या आधी कोणालाच मिळाला नव्हता, मुख्य गड्यांनासुद्धा. बदलीचे दिवस असे पालटले.

पण हे दिवस आपोआप पालटले काय? आणि आपल्या मुलखात या जातीचा माणूस झालाच नाही काय? झाला. रिव्हेराच्या शंभर वर्षे आधी झाला. तो बेसबॉलचा नव्हे, क्रिकेटचा. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचे घराणे कोकणातले. चिपळूणजवळचे पालवण हे मूळ गाव, त्यावरून आडनाव पडले. समाज चर्मकार. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे मुलाचा जन्म धारवाडला झाला, १८७५-७६ च्या सुमारास, आणि बालपण पुण्यात गेले. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूफळ्यांवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळ शिकले. पुढचे दोघे भाऊ, गणपत आणि विठ्ठल, तेही याच वाटेने आले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम काय? खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, आणि सभासदांची इच्छा झाली तर त्यांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये. रूळ फिरवा, पांढऱ्या रेघा ओढा, सरावाची जाळी उभी करा, टेनिसचे मैदान आखा. एके दिवशी कोणा साहेबाने चेंडू टाकायला सांगितले आणि लक्षात आले की, या माणसाच्या डाव्या हातात काही निराळीच करामत आहे. मैदानावरचा गडी साहेबांचे गडी बाद करू लागला!

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. असे सांगतात की, बाळूंनी बाद केले की दर वेळी तो आठ आणे देई. ही गोष्ट सांगणारे साहेबाच्या उदारपणाचे कौतुक करतात. आम्ही पडलो युनियनवाले. आम्ही ताबडतोब हिशेब केला. आठ वेळा बाद केले की चार रुपये, म्हणजे महिन्याचा पगार. याचा अर्थ असा की, रूळ, रेघा, जाळी आणि झाडू या सगळ्या महिन्याभराच्या राबण्याची किंमत साहेबाच्या लेखी त्याच्या आठ विकेटींएवढी होती. याला आम्ही उक्ते काम म्हणतो. उक्त्यात मालक उदार दिसतो, कारण त्याने मूळ पगारच उदारपणे कमी ठेवलेला असतो.

आणखी एक गोष्ट. इतकी वर्षे बाळूंनी पूना क्लबात साहेबांना चेंडू टाकले, पण त्यांच्या हातात एकदाही कोणी बॅट दिली नाही. हे का, ते समजण्यासाठी विलायतेकडे पाहावे लागते. तेथे 'जेंटलमेन' आणि 'प्लेअर्स' असे खेळाडूंचे दोन वर्ग होते. जेंटलमन म्हणजे हौशी, पैसे न घेणारा. प्लेअर म्हणजे मजुरी घेऊन खेळणारा. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजे निराळे. फलंदाजीचे वैभव बहुधा पहिल्याकडे, आणि दिवसभर चेंडू टाकण्याचे कष्ट बहुधा दुसऱ्याकडे. हा भेद कागदोपत्री गेला तो १९६२ साली. बाळूंच्या वाट्याला तर हा वर्गभेद आला तो आपल्याकडच्या वर्णभेदाच्या पाठीवर बसून. विलायतेत खोली निराळी होती. आपल्याकडे पेलाही निराळा होता.

कारण पुढे असे झाले. पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांशी सामने जिंकायचे होते, आणि जिंकून देणारा गोलंदाज अस्पृश्य होता. काही सभासद म्हणाले घ्या, काही म्हणाले नको. शेवटी विजयाची हाव जिंकली आणि बाळू संघात आले. पण कसे आले? मैदानात सगळे त्यांनी हाताळलेला चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत, आणि बाळू बाहेर. त्यांना चहा मातीच्या भांड्यातून, जे नंतर फोडून टाकता येईल. जेवण वेगळ्या ताटात, वेगळे बसून. चेंडूला विटाळ नाही, पेल्याला विटाळ! आमच्या मते या देशातल्या श्रमाच्या इतिहासाचे इतके चोख चित्र दुसरे सापडणार नाही. श्रम हवा, श्रमिक नको.

१८९६ साली मुंबई-पुण्याकडे प्लेगची साथ आली आणि त्या धामधुमीत बाळू मुंबईस आले. रेल्वेत नोकरी मिळाली. रेल्वेसाठीही ते खेळत आणि हिंदू जिमखान्यासाठीही. तेथेही त्यांना घेण्याला काहींचा विरोध झालाच. पण कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला म्हणून प्रवेश मिळाला.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईला हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ धावा केल्या, साहेबांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. साहेबांना २१२ धावा हव्या होत्या. एराशिक आणि बाळू यांच्या गोलंदाजीपुढे त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनी पराभव! वंगभंगाची चळवळ चाललेली, स्वदेशीचे वारे वाहत असलेले. लोकांना काय वाटले असेल त्याची कल्पना करा. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारक पत्राने तर हिंदू संघात या भावांना मिळालेल्या जागेकडेच बोट दाखविले आणि म्हटले की, खरा विजय तो हा. बाळूंबरोबर शिवरामही त्या संघात होते. पुण्यात बाहेर चहा पिणारा माणूस आता मुंबईत आत बसून जेवू लागला होता.

यानंतर १९११ सालचा विलायतेचा दौरा. अखिल भारतीय म्हणावा असा पहिला संघ पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. त्या साली पंचम जॉर्जचा राज्यारोहण समारंभ होता. त्यामुळे महाराज मैदानापेक्षा मेजवान्यांतच अधिक दिसले. संघ २३ सामने खेळला आणि १५ हरला. पण हरणाऱ्या या संघात एक पस्तिशीतला माणूस, खांदा दुखत असताना, रोज चेंडू टाकीत होता. दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४ धावांना एक. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत आठ. लेस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून अकरा, आणि तो सामना आपण जिंकलो. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी शतक काढले आणि तोही जिंकला. महाराज कप्तान होते ते जन्माने. संघ उभा राहिला तो पालवणकरांच्या घामावर.

ते परत आल्यावर मुंबईतल्या दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या एका विशीतल्या तरुणाने लिहिले, असे नोंदलेले आहे. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. हे नाव मनात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

आता आमच्या आवडीचा भाग. एवढे करूनही बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद काही मिळेना. गोलंदाजीला बाळू, नेतृत्वाला दुसरा. एम. डी. पै हे कप्तान झाले तेव्हा त्यांनी स्वतःच मोठ्या मनाने बोलून दाखविले की, हा मान बाळूंचा होता. पण निवड करणाऱ्या समितीचे मन तेवढे मोठे नव्हते. गिरणीतसुद्धा असेच असते. यंत्राची नस न् नस ओळखणारा जुना कामगार जन्मभर साच्यावर, आणि काल आलेला साहेबाचा भाचा सुपरवायझर.

मग १९२० साल उजाडले. हे साल विसरू नका. जानेवारीत आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. ३१ ऑक्टोबरला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. आणि त्याच साली चौरंगी सामने होते. कप्तान पै आजारी पडले. त्यांच्या जागी बाळूंचा विचार व्हावा, तर समितीने देवधरांना कप्तान केले आणि बाळूंना पहिल्या सामन्यात संघातूनही वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जे केले, ते आम्ही आमच्या अभ्यासवर्गात दर वर्षी सांगतो. ते दोघे संघातून बाहेर पडले. नुसते रुसून नव्हे. आपण का बाहेर पडत आहोत हे निवेदन काढून त्यांनी लोकांना सांगितले. हा अन्याय खेळाचा नसून जातीचा आहे, असे साफ सांगितले.

बंधूंनो, याला काय म्हणायचे? कोणी म्हणेल स्वाभिमान. आम्ही म्हणतो संप. मागणी आहे, निवेदन आहे, काम बंद आहे, आणि लोकमताला आवाहन आहे. दोन माणसांचा का होईना, पण शास्त्रशुद्ध संप! आणि त्याचा परिणामही संपासारखाच झाला. लोकमत खवळले. पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्याला पै परत आले. त्यांनी भावांना सन्मानाने परत आणले, बाळूंना उपकप्तान केले गेले, आणि शेवटी पै स्वतः मैदानाबाहेर गेले, त्यामुळे काही वेळ तरी बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. तीन वर्षांनी, १९२३ साली, धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले. १९२६ पर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. युरोपियनांना हरवून परतताना ज्या खांद्यांवरून त्यांची मिरवणूक निघाली त्या खांद्यांत वरच्या म्हणविणाऱ्या जातींचे खांदेही होते. याच विठ्ठलांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून या घराण्याची पुष्कळशी हकीगत आपल्यापर्यंत पोचली. ज्यांचा इतिहास दुसरे लिहीत नाहीत त्यांनी तो स्वतः लिहावा, हा त्यातला धडा.

बाळूंच्या नावावर प्रथम दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत. सामने एवढे थोडे का? कारण त्यांच्या उमेदीची पहिली दहा-बारा वर्षे साहेबांना सराव देण्यात आणि ज्यांची नोंद अधिकृत धरली जात नाही अशा सामन्यांत गेली. बदली कामगाराची वर्षेदेखील अशीच जातात. राबलेली असतात, पण हजेरीपत्रकावर नसतात.

येथे व्याख्यान संपविले तर टाळ्या चांगल्या पडतील. परंतु इतिहास म्हणजे आरती नव्हे. बाळू पुढे राजकारणात आले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते गांधीजींच्या बाजूने उभे होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. ज्या तरुणाने मानपत्र लिहिले, त्याच्याच विरुद्ध! आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. १९५५ च्या जुलैत ते वारले.

या निवडणुकीबद्दल बोलताना काही जण बाळूंना दूषण देतात, काही जण ती हकीगतच गाळतात. आम्हांला दोन्ही पसंत नाही. आमच्या मते त्या लढतीत दोन माणसे नव्हे, दोन अनुभव समोरासमोर उभे होते. बाळूंचा अनुभव असा की, माणसाने आपल्या गुणाने समाजाला वाकवावे. आज बाहेर चहा देणारे उद्या आत बोलावतात, परवा खांद्यावर घेतात. त्यांच्या बाबतीत हे घडले होते. ते खोटे कसे म्हणावे? आंबेडकरांचा प्रश्न निराळा होता. ज्याच्या डाव्या हातात ती करामत नाही त्याचे काय? जो सामान्य आहे, आठ गडी बाद करू शकत नाही, त्याने जन्मभर मातीच्याच भांड्यातून प्यायचे काय? गुणाने दार उघडते, पण एकट्यापुरते. हक्काने उघडलेले दार मागून येणाऱ्यासाठी उघडे राहते. आम्ही आमच्या चळवळीत या दुसऱ्या मताचे आहोत. पण बाळूंचा आदर करण्यात त्याने काही उणे येत नाही. जो माणूस एकट्याने दार ढकलीत होता त्याला, सगळ्यांनी मिळून का ढकलले नाहीस, असे विचारणे सोपे आहे. तेव्हा त्याच्या मागे उभे कोण होते?

हाच मुद्दा अमेरिकेत कसा घडला ते सांगतो आणि आटोपतो. तेथेही बेसबॉलमध्ये काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या मोठ्या संघांचे दार बंद होते. त्यांच्या स्पर्धा वेगळ्या. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडले. पुढच्या वर्षी सॅचेल पेज नावाचा चेंडूफेक्या आत आला. काळ्यांच्या संघांत तो वीस वर्षे गाजला होता. मोठ्या संघात त्याला घेतले तेव्हा वय होते ४२, आणि काम बरेचसे बदलीचे! उमेद गेली बाहेर, उरलेला हात आला आत. आपले बाळू आठवले की नाही?

हा पेज म्हातारा झाला. निवृत्तिवेतनासाठी मोठ्या संघांतली पाच वर्षांची नोकरी लागत असे. त्याचे १५८ दिवस कमी पडत होते. दार उशिरा उघडले त्याचा हा दंड. १९६८ साली अटलांटाच्या संघाने ते दिवस भरावेत म्हणून त्याला कामावर घेतले आणि त्याचे निवृत्तिवेतन सुटले. मालकाने चांगले केले, आम्ही मान्य करतो. पण पेजबरोबर खेळलेल्या ज्या शेकडो काळ्या खेळाडूंना १५८ काय, एकही दिवस मिळाला नाही, त्यांना कोण बोलावणार होते?

आमच्या डोळ्यांपुढे या वेळी आपल्याच तालुक्यातला एक माणूस येतो. त्याचे नाव सांगत नाही, गोदामाचेही सांगत नाही. बंदर आल्यावर कंटेनरची जी आवारे झाली त्यांतल्या एका दारातून तो अकरा वर्षे आत गेला. तोच कंटेनर, तेच काम, तोच मुकादम. पण त्या अकरा वर्षांत ठेकेदार चार झाले. एकाने तर वर्षाला २४० दिवस भरू नयेत म्हणून मध्ये मध्ये 'विश्रांती' दिली, कारण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवस भरले की वर्षाची सलग नोकरी धरली जाई. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्यात पाच वर्षांची अट होती. कोणत्याही एका ठेकेदाराकडे त्याची पाच वर्षे झाली नव्हती. पाठ गेली तेव्हा त्याच्या हातात चार निरनिराळे गेटपास होते आणि रुपया एकही नव्हता. त्याचे प्रकरण आम्ही लढविले आणि हरलो. आम्ही कागद वेळेवर गोळा केले नव्हते. ती चूक आमची. ती अजून टोचते. पेजच्या १५८ दिवसांची गोष्ट वाचली त्या रात्री आम्हांला झोप आली नाही, ती याच कारणाने.

मात्र अमेरिकेतल्या खेळाडूंनी ती गोष्ट तेथेच सोडली नाही. १९६६ साली त्यांनी आपल्या संघटनेच्या प्रमुखपदी मार्विन मिलर यांना आणले. हे गृहस्थ कुठले? पोलाद कामगारांच्या युनियनमधले! १९६८ साली पहिला सामूहिक करार झाला आणि किमान पगार वर्षाला सहा हजार डॉलरवरून दहा हजारांवर गेला. तोवर खेळाडू संघाला जन्माचा बांधलेला असे; वेठबिगारच म्हणा. १९७५ साली दोन चेंडूफेक्यांच्या प्रकरणात लवादाने निर्णय दिला आणि ते जोखड सैल झाले. रिव्हेरा संघात आला तेव्हा हे सगळे आधी घडून गेलेले होते. कोळ्याच्या त्या पोराच्या हातात करामत त्याची स्वतःची. पण त्या करामतीची किंमत त्याला मिळाली ती आधीच्यांनी एकजुटीने केलेल्या करारांमुळे.

उरणकरांना हे निराळे सांगायला नको. चिरनेरच्या जंगलात २५ सप्टेंबर १९३० रोजी लोक उभे राहिले ते एकेकटे नव्हते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या मागे आपली माणसे रस्त्यावर आली आणि पाच जणांनी प्राण दिले, म्हणून साडेबारा टक्क्यांचा हक्क उभा राहिला. एकट्या शेतकऱ्याने अर्ज करून तो मिळाला नसता. तेव्हा सरकारला जमीन हवी होती, जमीनवाला नको होता. आता आवारांना हात हवे आहेत, हातवाला नको आहे. पूना क्लबाला चेंडू हवा होता, चेंडू टाकणारा नको होता. गोष्ट एकच, फक्त मैदान बदलले.

आपल्या गावोगावी आज टेनिस चेंडूचे सामने होतात. बाहेरगावचा चांगला गोलंदाज मानधन देऊन आणतात. तो आठवड्याला तीन गावांसाठी खेळतो, आणि खांदा निखळला की चौथ्या आठवड्यात त्याचे नाव कोणी घेत नाही. आमची सामने भरविणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती आहे की, बक्षिसाच्या मोटारसायकलीच्या किमतीतून थोडे काढून खेळाडूंचा विमा उतरवावा. आणि ज्यांच्या घरी आवारात जाणारे पोर आहे त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर त्याचे जुने गेटपास, पगाराच्या पावत्या आणि हजेरीचे कागद एका पिशवीत घालून ठेवावेत. फाटके असले तरी चालतील. ज्याला वाचता येत नाही त्याने आमच्याकडे आणावेत. आम्ही रोज संध्याकाळी सहानंतर युनियनच्या कचेरीत असतो.

बाळूंची पहिली दहा-बारा वर्षे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या पोरांची तरी आपण लिहून ठेवू.